सतारीची सुखरूप रवानगी

वाद्य वाजवण्यासाठी असतं, हा एक जुना आणि अत्यंत धोकादायक गैरसमज आहे. वाद्याचं जे काही नुकसान होतं ते एकतर वाजवल्यामुळे होतं किंवा वाजवायच्या ठिकाणी नेल्यामुळे. कोणीही शांत डोक्यानं विचार केला तर हे त्याला पटेल. न वाजवलेल्या सतारीची तार तुटल्याची उदाहरणं फारच थोडी आहेत. (जी आहेत ती उंदरांची कामं धरावीत.)

भिवंडीच्या मिहिर खांबेटेला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. तो वडप्याच्या एका मोठ्या गोदामात रिटर्न विभागात होता. देशभरातून फुटून परत आलेला माल त्याच्या टेबलासमोरून जायचा आणि तो कशामुळे फुटला हे त्यानं कॉम्प्युटरमध्ये नोंदवायचं. कारणं ठरलेली होती : आपटला, चेपला, भिजला, ग्राहकाचं मन बदललं. पाचवं कारण कॉम्प्युटर घेत नसे. सहा वर्षांत एकेचाळीस हजार वस्तूंची कारणं लिहिल्यावर माणसाची दृष्टी घडते. लग्नाच्या स्टेजवर नवरानवरी दिसली तरी मिहिरच्या मनात चारांपैकी एक कारण आपोआप टिक व्हायचं.

संध्याकाळी तो सतार वाजवायचा. कशी वाजवायचा याबद्दल गावात मतभेद नव्हते, कारण कोणी ऐकलीच नव्हती. धामणकर नाक्यामागे त्यांचं घर, आणि घराच्या भिंतीला भिंत लागून सोळा लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. लूम चालू असताना शेजारचा माणूस काय बोलतो ते कळत नाही, तिथे सतार काय कळणार. मिहिरच्या कलेच्या वाढीला ही परिस्थिती फार पोषक ठरली. एकोणीस वर्षांत शेजाऱ्यांची एकही तक्रार आली नाही. वीज गेली की लूम थांबायचे, आणि मिहिरही सभ्यपणे थांबायचा.

सतार मात्र खरी होती. ती अण्णांची, म्हणजे मिहिरच्या वडिलांची. अण्णा पालिकेच्या पाणीपट्टी विभागातून निवृत्त झालेले. तरुणपणी ते मिरजेला जाऊन आठ दिवस कारागिराच्या ओटीवर बसून राहिले आणि ही सतार घडवून घेऊन आले. दांडी जुन्या तुणाच्या लाकडाची, भोपळा असा की त्यावर हात फिरवण्याआधी माणूस हात धुवून यायचा. अण्णांनी चव्वेचाळीस वर्षं ती आतल्या खोलीत, खिडकी लावून वाजवली. बाहेर कधी नेली नाही. "बोलावणं आलं नाही," असं ते म्हणत. आलं असतं तरी हवा दमट आहे म्हणून ते गेले नसते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आणि एके दिवशी बोलावणं आलं. ते मिहिरला आलं. रायपूरच्या स्वरवेल रसिक सभेनं 'उमलते कलाकार' या कार्यक्रमात त्याचं सतारवादन ठेवलं होतं. जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट सभेचं. हातात सव्वीस दिवस. आमंत्रण नेमकं त्यालाच का आलं याचा तपास घरात कोणी केला नाही. (केला असता तर ते परत जाण्याची शक्यता होती.) मिहिर चौतीस वर्षांचा होता आणि एवढ्या उशिरा का होईना आपण उमलतोय या कल्पनेनं दोन दिवस आरशात बघत होता. लूमशिवाय आपली सतार कशी ऐकू येते हे त्यालाही पहिल्यांदाच कळणार होतं.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "सतार कशी जाणार?"

हाच तो प्रश्न. पुढचे सव्वीस दिवस खांबेट्यांच्या घरात दुसरा प्रश्न उरला नाही.

पहिल्या दिवशी सर्व पर्यायांचा साधकबाधक विचार झाला. रेल्वेनं जायचं तर रजा पुरत नव्हती. रायपुरातच कोणाची सतार मागून घ्यावी असं आई, म्हणजे आसावरीबाई, म्हणाल्या. त्यावर अण्णा जेवले नाहीत. मग सतारीला विमानात स्वतःची खुर्ची घ्यावी असं ठरलं. मिहिरनं विमान कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीनं प्रवाशाचं नाव, वय आणि जेवण शाकाहारी की मांसाहारी एवढं विचारलं. नाव सतार, वय चव्वेचाळीस, जेवण नको. मुलगी म्हणाली, चालेल सर, फक्त संकटकालीन दरवाजाजवळची खुर्ची देता येणार नाही, तिथल्या प्रवाशाला दरवाजा उघडता यावा लागतो.

हे मिहिरनं रायपूरला कळवलं. सभेच्या सचिव विद्युल्लताबाई फोनवर फार गोड बोलायच्या.

"हो हो, खुर्चीच घ्या तिला. इतकी जुनी सतार. पण बघा, सभेच्या ठरावात एकच विमान तिकीट आहे."

"मग कसं करायचं?"

"सतारीला विमानानं पाठवा. तुम्ही रेल्वेनं या. तुम्हाला काय होणार आहे?"

मिहिरला यात चूक सापडेना. तो तासभर विचार करत होता. शेवटी सतारीला एकटं पाठवायला अण्णा तयार झाले नाहीत म्हणून तोही विमानानं जाणार हे नक्की झालं, आणि सतार सामानातून.

सामानातून पाठवायची म्हटल्यावर प्रितेशचं नाव निघणं अपरिहार्य होतं. प्रितेश मिहिरच्याच गोदामात पॅकेजिंग तपासणीचा प्रमुख. वडप्याचाच. ज्या जमिनीवर गोदाम उभं आहे ती त्याच्या वडिलांची, दौलतशेठची. जिथे आजोबांनी भात लावला तिथे नातू थर्माकोल लावतो, एवढाच फरक. त्याच्या हाताखालून गेलेला माल परत येत नाही अशी त्याची ख्याती होती. (मिहिरकडे रोज जो माल परत येई तो कोणाच्या हाताखालून जाई, हा प्रश्न दोघांनी मैत्रीखातर कधी काढला नव्हता.)

प्रितेशनं सतारीभोवती दोन फेऱ्या मारल्या. भोपळ्यावर टिचकी मारली. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"ह्यो खरा भोपळा हाय?"

"खरा. वाळवलेला," मिहिर म्हणाला.

"मंग शेतमालात टाकतो. नाशवंत म्हणून लवकर उतरवतात." त्यानं टेप काढला. "भावा, तू न्हाय टेन्शन घ्यायचं. मी टीव्ही पाठवलेत ईशान्येला. एक पन नाय फुटला. पयले त्या तारा ढिल्या कर."

वर हवेचा दाब बदलतो, ताणलेली तार दांडी वाकवते, हे सगळीकडे लिहिलेलंच आहे. तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्या तारा उतरवण्यात आल्या आणि सतार मापं घेण्यासाठी गोदामात हलवण्यात आली. तिथे तिला वातानुकूलित कप्पा मिळाला. मिहिरच्या टेबलावर पंखा होता.

यानंतर जे पॅकिंग झालं त्याची बरोबरी भिवंडीच्या इतिहासात शोधावी लागेल. आतून बाहेर : अण्णांचं मऊ झालेलं धोतर, आसावरीबाईंच्या जुन्या साड्यांची गोधडी, शेजारच्या लूममधली पावणेदोन पोती सुती चिंधी, बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे अकरा वेढे, सतारीच्या आकाराचा कोरलेला थर्माकोल, सात थरांचा पुठ्ठा, आणि सगळ्यावर प्लायवूडची पेटी. वजन बरोबर एकतीस किलो दोनशे ग्रॅम, त्यात सतार साडेचार. विमान कंपनी बत्तीस किलोच्या वर एक डाग उचलत नाही. मिहिरनं स्वतःचं सामान मग एका कुर्त्यावर आणलं, आणि तो अंगात घालून जायचं ठरवलं.

पेटीवर स्टिकरं लावली. बाण वर. छत्री. काचेचा पेला. 'सावधान, नाजूक' तीन भाषांत. गोदामात 'जिवंत पक्षी' अशीही काही उरली होती. प्रितेशनं त्यातली दोन लावली. "पक्षी म्हनल्यावर मानूस आपटत न्हाय. अनुभव हाय."

पण नुसतं पॅकिंग काय, कोणीही करतं. खरं काम पुढे असतं, त्याला ड्रॉप टेस्ट म्हणतात. पेटी ठरलेल्या उंचीवरून दहा वेळा आपटायची : एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा बाजूंवर. तरीही आतला माल शाबूत राहिला तर पेटी पास. पास झालेल्या पेटीला हिरवं स्टिकर. न तपासलेल्या पेटीला पिवळं, म्हणजे 'थांबवा', आणि तिची जागा मागच्या रॅकवर. हिरव्या स्टिकरशिवाय गोदामाच्या गेटमधून सुईसुद्धा बाहेर जात नाही. दौलतशेठच्या घरच्या लग्नाचा आहेर एकदा नऊ दिवस पिवळ्या रॅकवर राहिला होता, तोवर लग्न होऊन माणसं महाबळेश्वरला जाऊन आली.

सतार आत ठेवून पेटी आपटायची कल्पना अण्णांना सहन झाली नसती. ती प्रितेशलाही मान्य नव्हती, कारण नियमच तसा आहे : चाचणी नमुन्याची करतात, मालाची नाही. म्हणून हुबेहूब दुसरी पेटी करण्यात आली. तेच थर, तोच पुठ्ठा, अण्णांचं दुसरं धोतर, दुसरी गोधडी, तीच स्टिकरं. आत सतारीच्या वजनाचं काहीतरी हवं होतं. दौलतशेठच्या कंपाऊंडचं काम निघालं होतं. दीड वीट बरोबर साडेचार किलो भरली.

चाचणीला अण्णा स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट घालून. पेटी पहिल्यांदा आपटली तेव्हा त्यांनी मिहिरचा दंड धरला, तो दहाव्या आपटीपर्यंत सोडला नाही. (आठव्या आपटीला पेटीचा कोपरा मिहिरच्या पायाच्या अंगठ्यावर आला. नख काळं पडलं. पेटीला काही झालं नाही, तशी नोंद आहे.) मग सगळ्यांसमोर थर काढले. वीट जशीच्या तशी. अर्धी वीटही जशीच्या तशी अर्धी. अण्णांनी तिच्यावरून हात फिरवला.

"चरासुद्धा नाही रे," ते म्हणाले, आणि वीट दोन्ही हातांनी जागेवर ठेवली.

विटा परत धोतरात आणि गोधडीत गुंडाळल्या, पेटी सील झाली, हिरवं स्टिकर लागलं आणि प्रमाणपत्राच्या तीन प्रती निघाल्या.

जायच्या दिवशी सकाळी टेम्पो गोदामाच्या गेटवर उभा राहिला. मिहिर पुढच्या सीटवर विमान कंपनीच्या घोषणापत्राच्या चार प्रती भरत होता. त्यातल्या 'वस्तूचे भावनिक मूल्य' या रकान्यात किती शब्द लिहावेत यावर तो अडला होता. मागे पेटी चढली. गेटवरच्या चांगदेवनं स्कॅनर लावला. दिवा हिरवा लागला. प्रितेशनं टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली.

"जा भावा. न्हाय फुटत."

विमानतळावर मोठ्या डागांसाठी वेगळी खिडकी असते. तिथल्या जवानानं पेटी यंत्रात सरकवली, पडद्यावर बघितलं, पेटी मागे घेतली, परत सरकवली आणि परत बघितलं.

"क्या है इसमें?"

"सितार," मिहिर म्हणाला, आणि त्यानं फाइल पुढे केली : प्रमाणपत्र, सोळा फोटो, अण्णांचं संमतीपत्र.

जवानानं फाइल वाचली. मग पडदा वाचला. मग वरिष्ठाला बोलावलं. दोघांनी मनाई असलेल्या वस्तूंची यादी वरून खाली पाहिली. पडद्यावर जे दिसत होतं ते त्या यादीत कुठेच नव्हतं.

"आप बजाते हैं ये?" वरिष्ठानं विचारलं.

"उन्नीस साल से."

वरिष्ठानं आधी पडदा बघितला, मग त्याची बोटं बघितली. "मज़बूत है," तो म्हणाला, आणि शिक्का मारला. मिहिरला गहिवरून आलं. घराबाहेरच्या माणसानं त्याच्या सतारीबद्दल चांगले शब्द काढण्याची ही पहिली वेळ होती.

विमानाच्या खिडकीतून त्याला पेटी चढताना दिसली. चौघांनी ती दोन्ही हातांनी उचलली, एकानं पक्ष्यांचं स्टिकर वाचून पेटीला कान लावला आणि बाकीच्यांना हळू घ्यायची खूण केली. अण्णांचे प्रवासात एकूण सात फोन आले, ते असे : चढली का, आडवी ठेवली का उभी, बाण वर आहे ना, हवा कशी आहे, उतरली का, हलवून आवाज येतो का, हलवू नकोस. मिहिर त्या दिवशी सकाळपासून उपाशी होता आणि अंगठा ठणकत होता. हे सांगायला योग्य जागा सात फोनांत मिळाली नाही.

पॅकिंग उघडायला चाळीस मिनिटं लागतील हे विद्युल्लताबाईंना आधीच कळवलेलं होतं. त्यांनी ते कार्यक्रमातच घेतलं. सभागृहात दीडेकशे रसिक. पडदा वर गेला तेव्हा मंचावर पेटी होती आणि पेटीमागे कुर्ता घातलेला मिहिर.

"आता भिवंडीहून आलेले मिहिर खांबेटे," विद्युल्लताबाई म्हणाल्या, "आपलं वाद्य उघडतील."

प्लायवूड निघालं. पुठ्ठा निघाला. थर्माकोलला लोकांनी मनापासून दाद दिली. अकरा वेढ्यांचं प्लास्टिक सुटताना पहिल्या रांगेतले एक निवृत्त इंजिनिअर उठून उभे राहिले. चिंधीचा ढीग कमरेएवढा झाला. गोधडी आली तेव्हा बायकांत कुजबुज झाली, टाके हातचे आहेत म्हणून. आणि मग मिहिरनं अण्णांच्या धोतराची शेवटची घडी उलगडली.

दीड वीट.

मिहिरनं आयुष्यात पहिल्यांदाच एवढी शांतता ऐकली, कारण घरी लूम होते.

विद्युल्लताबाई पुढे आल्या. त्यांनी वाकून पाहिलं. माणूस प्रसंगावधानी असावा तर असा.

"अखंड आहे ना?" त्यांनी विचारलं.

"एक अखंड आहे," मिहिर म्हणाला. "दुसरी पहिल्यापासूनच अर्धी."

त्यानं मंचाच्या कोपऱ्यात जाऊन प्रितेशला फोन लावला.

"कुठली पाठवलीस?"

"पास झालेली."

"आणि सतार?"

"ती कशी पाठवनार? तिची टेस्ट झालीय का?" प्रितेशला खरोखरच वाईट वाटलं होतं. "न्हाय टेस्ट केलेला माल मी कसा सोडू, भावा? फुटली असती म्हंजे? पिवळ्या रॅकवर हाय. एकदम सेफ."

या उत्तरात चूक काढणं रिटर्न विभागातल्या माणसाला शक्य नव्हतं. त्यानं चार कारणं मनात तपासली. आपटला नाही, चेपला नाही, भिजला नाही.

कार्यक्रम तिथेच संपला असता, आणि खरं सांगायचं तर मिहिरच्या मनात कुठेतरी तशी आशा उगवलीही होती. पण निवृत्त इंजिनिअर विंगेत आले. त्यांच्या बायकोची सतार सभेच्या कपाटात असते, बारा वर्षं कोणी वाजवलेली नाही, पण तारा नव्या आहेत. कपाट मंचापासून नऊ पावलांवर होतं. सतारीवर जुन्या चादरीखेरीज काहीही गुंडाळलेलं नव्हतं.

मिहिर बसला. तारा लावल्या. पहिली मींड ओढली आणि हात थबकला. बोटाची कातडी मऊ पडली होती. तार सरळ आत गेली. दुसरी मींड ओढली तेव्हा पुढचं काही आठवेना. आणि पहिल्यांदाच त्याला आपली सतार लूमशिवाय ऐकू आली. त्यानं ती बारा मिनिटं ऐकली. मग नमस्कार केला.

टाळ्या सभ्य होत्या. त्यानंतर तीन जणांनी विनंती केली, की जमल्यास पॅकिंग पुन्हा एकदा करून दाखवावं. ते त्यानं दाखवलं, आणि ते फार रंगलं. आजवर त्याला आणखी चार ठिकाणांहून बोलावणी आली आहेत. विटा सोबत आणाव्यात असं चारही पत्रांत आहे.

अण्णांचा आठवा फोन कार्यक्रमानंतर आला. तोवर प्रितेशनं त्यांना सगळं सांगितलं होतं.

"सतार सुखरूप आहे," अण्णा म्हणाले. "मी जाऊन बघून आलो. ओरखडा नाही."

"हो."

फोनवर मागे सोळा लूम ऐकू येत होते.

"मिहिर," अण्णांनी विचारलं, "वाजवलंस का रे?"

"वाजवलं."

"कसं?"

मिहिरनं बोटाकडे पाहिलं. "हात बसला नव्हता अण्णा. सव्वीस दिवस तारा उतरलेल्या होत्या."

"हो की," अण्णा म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नाही."

अण्णांना दोष देण्यात अर्थ नाही. ते बाप आहेत, उशिरा का होईना त्यांनी विचारलं. तारा पहिल्याच दिवशी उतरवल्या आणि सतार गोदामात गेली, हे वर स्पष्ट लिहिलेलं आहे. आपणही ते वाचलंत, मान डोलावलीत आणि पुढे आलात. थर्माकोल बघितलात, विटेला चरा पडला का म्हणून बघितलंत, पेटी विमानात नीट चढली ना म्हणून खिडकीतून डोकावलात. या पोरानं सव्वीस दिवसांत रियाज कधी केला, एवढं सोडून सगळ्याची काळजी केलीत. तेव्हा आपणही तपासणीत पास आहात. हिरवं स्टिकर प्रितेशकडून घेऊन जावं. ते कुठे लावावं याबद्दल नियमात काही नाही, फक्त लावल्यावर आत काय आहे ते कोणी उघडून बघत नाही.